फिरतं पाळणाघर

“किती मुलं आहेत तुमच्याकडे?” छत्री मिटता मिटता बाईंनी विचारलं.

तात्या खांबाखाली पाचर ठोकत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, “एका टायमाला अठ्ठेचाळीस.”

“अठ्ठेचाळीस!” बाई दचकल्याच. “आणि आया किती?”

“आय? आय एकच की.” तात्यांनी हनुवटीनं माझ्या आईकडं दाखवलं. ती तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. “ती काय तिकडं.”

बाईंनी लिहून घेतलं. “दूध कितीदा देता?”

“दूध? आमच्या च्याला पुरत न्हाय, बाई.”

“मग झोपवता कुठे एवढ्यांना?”

“झोपतंय कशाला कोण? किंचाळत्यात की सगळी!”

बाईंचं पेन थांबलं. “किंचाळतात? म्हणजे, रडतात का फार?”

तात्या प्रामाणिक माणूस. हातोडा खाली ठेवून त्यांनी नीट विचार केला आणि मग उत्तर दिलं. “चढताना न्हाईत रडत. उतरवलं की रडत्यात.”

मी चार पावलांवर नटबोल्टांची पिशवी उपसत बसले होते. दुसरं कुणी असतं तर हसून लोळलं असतं. मला मात्र हसू आलं नाही, कारण बाईंच्या हातातला कागद मी ओळखला होता. त्यावरचं अक्षर माझं होतं.

सांगते. आम्ही लोहार. माझ्या आज्ज्यानं लाकडी पाळणा केला होता, चार डोल्यांचा, हातानं फिरवायचा. तात्यांनी स्वतःच्या भात्यावर लोखंड तापवून बारा डोल्यांचा उभा केला, चाळीस फूट उंच, इंजिनावर चालणारा. शहरातली माणसं त्याला जायंट व्हील का काय म्हणतात. आम्ही पाळणाच म्हणतो. बापजन्मी दुसरा शब्द आमच्या तोंडात नाही. त्यामुळं जत्रेच्या परवानगीच्या अर्जात ‘व्यवसायाचे नाव’ असा रकाना आला तेव्हा मी, वैजयंता दगडू लोहार, वय वर्षे एकोणीस, बारावी पास, झोकदार अक्षरात लिहिलं, ‘फिरता पाळणा’.

देवनूरच्या तहसील कचेरीत आवक-जावकला शितोळे भाऊसाहेब होते. त्यांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, फिरतं पाळणाघर. ऊसतोड्यांच्या पोरांसाठी असतं ना, तसलं. ठप्पा मारून अर्ज दिला धाडून महिला-बालकल्याणकडं. तिथनं मुख्यसेविका खैरमोडे बाई छत्री घेऊन, एस.टी.नं, भर उन्हात बोरजाईवाडीला आमचं पाळणाघर तपासायला आल्या होत्या.

वार बुधवार. बोरजाईची जत्रा शनिवारी.

“बाई,” मी उठून पुढं गेले, “ही पोरं न्हाईत ठेवायची. हा पाळणा बसायचा हाय. फिरायचा.” आणि मैदानात पसरलेल्या लोखंडाकडं हात केला. आरे, खांब, रंगवलेल्या डोल्या, सगळं सुटं सुटं पडलं होतं.

बाईंनी लोखंडाकडं बघितलं, मग हातातल्या फॉर्मकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता खेकसतील. त्यांनी छत्री रोवली, एका डोलीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अशा हसल्या, अशा हसल्या, की आई भाकरी तव्यावर टाकून बघायला आली.

तात्यांना मात्र हसू येईना. त्यांना काय झालंय ते कळलं होतं. “वैजे,” ते म्हणाले, “बारावी शिकवली ती ह्याच्यासाठी व्हय गं? आता झालंच म्हणायचं.”

एवढंच बोलले आणि तिकडं तोंड करून बसले. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

कारण तात्यांनी शब्द देऊन टाकला होता. निपाणीकडच्या एका भंगारवाल्याला. ह्या जत्रेत पाळणा फिरला तर फिरला, नाहीतर सोमवारी ट्रक आणा आणि घेऊन जा. आज्ज्यापासूनचा धंदा, आणि तात्यांनी स्वतःच्या हातानं घडवलेला एकेक आरा, तो कुणीतरी गॅसनं कापून वजनावर नेणार. त्यांनी का असा शब्द दिला म्हणाल, तर कागदांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्या वर्षी सात कचेऱ्यांची सात परवान्यांची भानगड सुरू झाली. ग्रामपंचायत म्हणे, पोलिसांचं ना-हरकत आणा. पोलीस म्हणत, आधी तहसीलचं. तहसील म्हणे, बांधकाम खात्याचं. बांधकामवाले म्हणत, विजेचं बघा. वीज मंडळ म्हणे, ग्रामपंचायतीचा दाखला कुठाय? म्हणजे फिरून गंगावेशीत, निघालो तिथंच परत. चार महिने तात्या ह्या बाकावरनं त्या बाकावर. दोन जत्रा बुडाल्या. एका गावची परवानगी तर जत्रा होऊन आठ दिवसांनी हातात पडली. आम्ही बघायला गेलो तर त्या मैदानात नांगरट चालली होती.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे खरं. पण देवी थांबते का सहा महिने?

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “बाकीचे कागद आहेत का? बघू.”

मी पत्र्याची पेटी आणली. बाईंनी सातही फॉर्म जमिनीवर एका ओळीत मांडले, वारा होता म्हणून प्रत्येकावर एकेक नट ठेवला, आणि बराच वेळ वाचत राहिल्या. वाचता वाचता बोट फिरवायच्या. मध्येच माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि खुणा करत सुटल्या.

“हे बघ पोरी. नाव सात वेळा. गाव सात वेळा. जत्रेची तारीख सात वेळा. उंची पाच वेळा. आजोबांचं नाव कशाला हवंय आरोग्य खात्याला? सगळे मिळून प्रश्न पाऊणशे, आणि त्यात वेगळे असे,” त्यांनी मोजले, “एकोणीस. बाकी सगळं तेच तेच.”

“गोल गोल फिरवत्यात नुसती,” तात्या तिकडनंच म्हणाले. “आमचा पाळणा तरी बरा. त्यो थांबतो, माणसं खाली उतरत्यात.”

बाई आता हसल्या नाहीत. “लोहारमामा, मी तुम्हाला खरं सांगते. नियमानं मी हा अर्ज परत पाठवायचा. चुकून आला, असा शेरा मारून. तो सोमवारी आवकला पोचेल.”

“सोमवारी ट्रक यायचा हाय,” तात्या म्हणाले.

“कसला ट्रक?”

तात्यांनी पुन्हा हातोडा उचलला. मी सांगितलं. सांगताना मला रडू आलं, आणि लाजही वाटली परक्या बाईसमोर रडायची. आईनं मागं उभं राहून माझ्या पाठीवर हात ठेवला, तिच्या हाताचं पीठ माझ्या पोलक्याला लागलं, ते अजून आठवतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या पाळणाघराच्या फॉर्मकडं वळल्या. “पण परत पाठवेपर्यंत ही फाईल माझी आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि माझ्याकडे पाहणीचं काम आहे, तर पाहणी पुरी करायला नको?”

त्यांनी खरोखरच तो फॉर्म भरला! एकेक उत्तर, तात्यांनी दिलेलं, जसंच्या तसं. शेवटचा रकाना तेवढा कोरा ठेवला. मी वाकून बघायला गेले तर फाईल मिटली.

“शेवटी काय विचारलंय, बाई?”

“ते नंतर. तू आधी कोरा कागद घे. फुलस्केप. तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगते तसं लिही.”

आम्ही दोघी चिंचेखाली बसलो. एकोणीस प्रश्न, एकोणीस उत्तरं, एकदाच. खाली पट्टीनं सात चौकोन आखले, सात सह्यांसाठी. वर मथळा काय द्यायचा विचारलं तर बाई म्हणाल्या, “यांत्रिक पाळणा. यांत्रिक हा शब्द आधी लिही बरं का! नाहीतर पुन्हा माझ्याच टेबलावर यायचा.”

लिहून झालं तेव्हा उन्हं कलली होती. आईनं भाकरी आणि खर्डा पुढं केला, बाईंनी मांडी घालून खाल्लं. खाता खाता म्हणाल्या, “माझ्या अंगणवाडीच्या बायकांना सत्तावीस रजिस्टरं भरावी लागतात. पोरांना गाणी कधी शिकवायची त्यांनी? मी वर लिहिलं होतं. वरनं उत्तर आलं, अठ्ठाविसावं रजिस्टर. कुठली माहिती दोनदा लिहावी लागते त्याची नोंद ठेवायला.”

तात्या पहिल्यांदा हसले. “आन् मग?”

“मग काय, तेही भरते.”

उठताना त्यांनी मला सांगितलं, “उद्या अकरा वाजता तहसीलला ये. जत्रेच्या नियोजनाची बैठक आहे. ज्या सात सह्यांसाठी तुम्ही चार महिने फिरताय ना, त्या करणारे सगळे उद्या एका टेबलाभोवती बसून चहा पिणार आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधीच पोचले. आईचं ठेवणीतलं लुगडं नेसले होते, जरा मोठी दिसावी म्हणून. बैठक दहा मिनिटं पाण्याच्या टँकरवर चालली, दहा मिनिटं पालखीच्या वाटेवर. मग बाई उठल्या. हातात आमचा फुलस्केप.

“रावसाहेब, माझ्याकडे एक प्रकरण आलंय. सगळ्यांचा अभिप्राय हवा.”

तहसीलदारांनी कागद उलटसुलट करून बघितला. माणूस वाईट नव्हता, पण चष्मा कपाळावर ठेवून बोलायचा. “हा नमुना कुठला, खैरमोडे बाई? हा आपला नमुना नाही.”

“माहिती सगळी आपलीच आहे, साहेब. सातही नमुन्यांतली. फक्त एकदा लिहिलीय.”

फौजदारांनी कागद ओढला. “यात आधी तहसीलदार साहेबांचं ना-हरकत लागेल. मग आमचं.”

“छे छे,” तहसीलदार म्हणाले, “आधी पोलिसांचं.”

“साहेब,” बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “तुम्ही दोघं शेजारीच बसलाय.”

शिपाई आणखी चहा घेऊन आला होता, तो दारातच उभा राहिला. मला वाटलं, संपलं! आता बाईंची बदली होणार आणि आमचा पाळणा भंगारात जाणार.

तहसीलदारांनी चष्मा खाली घेतला. “पण मला एक सांगा. पाळण्याचा आणि बालकल्याणचा संबंध काय?”

“मलाही तोच प्रश्न पडला होता, साहेब. पण अर्ज माझ्याकडे आला, मी पाहणी केली. अहवाल वाचते.” आणि त्यांनी फाईल उघडली. “मुलांची संख्या, एका वेळी अठ्ठेचाळीस. आया, एक. दूध, चहालाही पुरत नाही. झोपण्याची व्यवस्था, नाही, मुले किंचाळतात. मुले रडतात काय? उतरवल्यावर.”

पहिले हसले ते आरोग्य केंद्राचे डॉक्टर. मग फौजदार. मग तहसीलदार इतके हसले, की त्यांच्या बशीतला चहा सांडला. कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलेले शितोळे भाऊसाहेब लालबुंद झाले होते. मला त्यांची दया आली. चूक अर्धी माझी पण होती.

“आणि शेवटचा रकाना?” तहसीलदारांनी विचारलं. “कोरा दिसतोय.”

“तो अजून भरायचाय,” बाई म्हणाल्या.

हसण्यानं वारं फिरलं. “आणा इकडं,” म्हणत तहसीलदारांनी पहिली सही केली. आणि म्हणाले, “करमणूक कराचंही माझ्याकडंच आहे, तो चौकोनही माझाच.” दोन झाल्या. फौजदारांची तिसरी. ग्रामसेवक, वीज मंडळ, डॉक्टर. सहा! चार महिन्यांत जे झालं नव्हतं ते एका चहात झालं. मी मनात बोरजाईला नारळ बोलून टाकला.

सातवा चौकोन बांधकाम खात्याच्या निकम साहेबांचा. तरणा माणूस, नुकताच लागलेला. त्यांनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं. आणि खैरमोडे बाईंनी कागद त्यांच्या हाताखालनं ओढून घेतला.

“न बघता नको, साहेब,” त्या म्हणाल्या.

अहो, तो सही करतोय की! होतंय ते होऊ द्या ना! मी चक्क उठून उभी राहिले. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

निकम गोंधळले. “बाई, आजवर कधी... म्हणजे, अशा पाळण्यांचा दाखला आम्ही अर्जावरच देतो. जत्रा झाल्यावर बघून येईन म्हणालो तर?”

“जत्रा झाल्यावर काय बघणार? सहा कागद कमी केले ते सातव्यानं तिथं जाऊन बघावं म्हणून. तुमच्या जीपमध्ये मला आणि ह्या पोरीला जागा आहे ना?”

जीपमध्ये मी बाईंशी एक शब्द बोलले नाही. इतका राग आला होता. मनात म्हटलं, हिला काय जातंय? हिचा पगार चालू आहे. खोटं कशाला बोलू, असंच म्हटलं. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

मैदानात पोचलो तेव्हा चार वाजले होते. खांब उभे राहिले होते, आस चढला होता. डोल्या खालीच ओळीनं मांडून ठेवलेल्या. निकम साहेबांनी खांब बघितले, वेल्डिंग बघितलं, वाकून बुडाखालच्या पाचरी बघितल्या. तात्या त्यांच्या मागनं छाती काढून चालत होते. बघ लेका बघ, असा आव.

“डोली कशावर लटकते?” निकमांनी विचारलं.

“पिनांवर. एका डोलीला दोन. चोवीस पिना.” तात्यांनी तेलाच्या डब्यातनं एक मनगटाएवढी पिन काढून दाखवली.

“आतनं तडा गेला असला तर कळायचं कसं?”

“नादावरनं.” तात्यांना हा प्रश्न आवडला. “लोखंड खोटं बोलत न्हाय, साहेब. दोरीला टांगायचं, हातोडीनं वाजवायचं. धड असलं की घंटीवानी वाजतंय.”

“वाजवून दाखवा की,” खैरमोडे बाई म्हणाल्या.

तात्यांनी चिंचेच्या फांदीला सुतळी बांधली, पिन टांगली, छोटी हातोडी मारली. ठण्ण! किती तरी वेळ घुमत राहिलं. दुसरी. ठण्ण. तिसरी, चौथी. गावातली पोरं जमली. प्रत्येक ठोक्याला पोरं ‘ठण्ण’ म्हणून ओरडायची. पाचवी, सहावी, दहावी. तात्यांच्या मिशीत हसू आलं होतं.

सतरावी वाजली, थड्ड.

पोरं ओरडली नाहीत. तात्यांनी पिन हातानं स्थिर केली, पुन्हा मारली. थड्ड. मडकं फुटकं निघावं तसा आवाज.

त्यांनी पिन सोडवली, धोतराच्या सोग्यानं तेल पुसून काढलं आणि उन्हाकडं धरली. केसाएवढी रेघ, आडवी, पार अर्ध्यापर्यंत गेलेली. निकम साहेबांनी बघितली. मग मी बघितली. चार माणसं बसलेली डोली, चाळीस फुटांवर, आणि ही पिन.

तात्या खालीच बसले. पिन मांडीवर. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला बघवेना.

“दर जत्रंला वाजवायचो मी,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले देव जाणे. “पाळणा उभा करायच्या आधी चोवीसच्या चोवीस. माझ्या बानं शिकवलं हुतं. औंदाच... औंदा चार महिने कचेऱ्या केल्या. मंगळवारपातुर बाकावर हुतो. आल्या आल्या खांब उभारायची घाई केली. म्हटलं, कागुद आला तर पाळणा तयार पायजे.” त्यांनी डोळे पुसले, तेलाचा काळा पट्टा गालावर उठला. “कागदं वाजवत बसलो बाई मी. पिना वाजवायच्या राहून गेल्या.”

खैरमोडे बाई त्यांच्याशेजारी मातीत बसल्या. चांगली इस्त्रीची साडी होती. “राहिल्या नाहीत, मामा,” त्या म्हणाल्या. “आत्ता वाजवल्या की.”

मी बाईंच्या पाया पडले. तिथंच, सगळ्या पोरांदेखत. त्या ‘अगं अगं’ करत राहिल्या. जीपमधला राग कुठल्या कुठं गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. ती सही त्या टेबलावर झाली असती, तर शनिवारी पालखी आल्यावर पहिल्या फेरीला अठ्ठेचाळीस जीव मीच हातानं बसवले असते.

शुक्रवारी उजाडता तात्यांनी भट्टी पेटवली. आई भात्याला. नवी पिन घडवली, पाणी दिलं, घासली. निकम साहेब मोटारसायकलवर पुन्हा आले, आणि आल्या आल्या म्हणाले, “द्या ती हातोडी माझ्याकडं.” चोवीस पिना त्यांनी स्वतः वाजवल्या. चोवीस वेळा ठण्ण. मग सातव्या चौकोनात सही केली. बाईही आल्या होत्या. त्यांनी आपली ती फाईल काढली, शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, तारीख घातली आणि फाईल पिशवीत टाकली. मी विचारलं नाही. मला वाटलं, त्यांचं खात्याचं काम.

शनिवारी पाळणा फिरला. बाईंना पहिल्या फेरीला बसा म्हणून तात्यांनी हात जोडले, तर म्हणाल्या, “मला उंचीची भीती वाटते हो!” आणि पूर्ण वेळ खाली उभ्या राहून वर बघत होत्या. फेरी संपली, मी डोलीची साखळी काढली आणि एक तीन वर्षांची पोर भोकाड पसरून रडायला लागली. उतरायचं नव्हतं तिला. बाई लांबनं ओरडल्या, “नोंद बरोबर आहे, लोहारमामा!”

सोमवारी ट्रक आला. शब्द दिलेला, त्यामुळं तात्या सामोरे गेले. भंगारवाल्याला बसवलं, चहा पाजला, आणि ती तडकलेली पिन त्याच्या हातावर ठेवली. म्हणाले, “भंगार हाय, पर एवढंच हाय. न्या.” तो पिनेकडं बघतच राहिला.

ह्याला आता तीस वर्षं होत आली. तात्या गेले, आई गेली. पाळणा मी चालवते. देवनूर तालुक्यात पुढच्या वर्षापासून तो एकच फुलस्केप चालू झाला. तहसीलदारांनीच त्याचा साचा करून घेतला. कचेरीत त्याला नाव पडलं होतं ‘पाळणाघर अर्ज’. मौत का कुंवावाला, सर्कसवाला, सगळे तोच मागायचे, भाऊसाहेब, एक पाळणाघर द्या. शितोळे भाऊसाहेब मुकाट्यानं द्यायचे. आता तर तेही मोबाईलवर होतं, बसल्या जागी.

खैरमोडे बाई निवृत्त होऊन कराडला लेकीकडं राहायच्या. दर दिवाळीला मी जायची. मागच्या वर्षी त्या गेल्या. तेराव्याला तिथं शितोळे भाऊसाहेब भेटले, काठी टेकत आले होते. म्हणाले, “वैजयंताबाई, जुनं दप्तर नाश करायला काढलं होतं तेव्हा एक कागद मी बाजूला ठेवला होता. माझ्याच चुकीचा कागद. तुम्हाला द्यावा म्हणतो.”

तो पाळणाघराचा फॉर्म होता. पिवळा पडलेला, बाईंचं तिरकं अक्षर. अठ्ठेचाळीस. एक. उतरवल्यावर. वाचताना हसू यायला लागलं. मग मी शेवटच्या रकान्यावर आले. तिथं छापलं होतं, ‘मुले सुरक्षित आहेत काय?’ आणि पुढं शुक्रवारची तारीख घालून बाईंनी लिहिलं होतं, ‘होय. सर्व पिना वाजवून पाहिल्या.’

गेल्या जत्रेत एक नवा साहेब भेटला. म्हणाला, मावशी, तुमची परवानगी ऑनलाइन मंजूर केलीय, यायची गरज नव्हती, सहज जत्रा बघायला आलोय. मी म्हटलं, बरं झालं आलात. आणि त्याच्या हातात हातोडी दिली.